कवळीवाल्यांची नात चावते

नात जन्मली त्या दिवशी दवाखान्यात जमलेल्या प्रत्येकाने तिचं काही ना काही पाहिलं. कुणी नाक पाहिलं आणि ते आमच्याकडचं म्हणून सांगितलं, कुणी कपाळ पाहिलं, तिच्या वडिलांच्या आईने कान पाहिले आणि हे नेमके कुणाचे ते कळत नाही, असा संशयाचा सूर लावला. कवळीवाल्यांनी तोंड पाहिलं. बाहेरून नव्हे, आतून. हात साबणाने दोनदा धुऊन, बाह्या सारून, खिडकीचा पडदा बाजूला करून त्यांनी करंगळीने त्या मुठीएवढ्या तोंडाचा जबडा उघडला, वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं, खालच्या हिरडीवरून फिरवलं आणि समाधानाने मान डोलावली. त्या क्षणी पोरीने ते बोट असं काही गच्च धरलं म्हणे, की ते सोडवायला दोन नर्सा, एक डॉक्टर आणि जिना पुसणारा माणूस एवढ्यांना धावत यावं लागलं. ही माहिती खुद्द कवळीवाल्यांची, तेव्हा जिना पुसणारा माणूस वजा करायला हरकत नाही. डॉक्टर आणि नर्साही वजा केल्या तरी चालतील. पण बोट धरलं होतं हे खरं, आणि ते सोडवून घ्यायची कवळीवाल्यांची मुळीच इच्छा नव्हती हे त्याहून खरं.

"हाड चांगलं आहे," ते आपल्या लेकीला म्हणाले.

दुसऱ्या कुणाच्या बापाने निदान "दमलीस का गं" तरी विचारलं असतं. पण हिने लहानपणापासून हा बाप पाहिला होता.

माणसाचं तोंड हा कवळीवाल्यांचा धंदा. दंतवैद्य गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे ठसे पाठवत. कवळीवाले त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करत, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवत, मेणात एकेक दात रोवत आणि मग पितळी बिजागराच्या यंत्रावर वरचा-खालचा जबडा बसवून तो कट-कट मिटून बघत. दुकानातल्या तीन भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर गावातल्या अर्ध्याअधिक म्हाताऱ्यांचे जबडे ओळीने बसलेले असत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर कवळीवाल्यांना नाव आठवत नसे. त्यांना 'खालची, दोनदा दुरुस्त' किंवा 'वरची, हसताना सुटते' असं आठवे. एक जुनं गिऱ्हाईक वारलं तेव्हा त्याच्या बायकोचं सांत्वन करायला म्हणून ते गेले, आणि बराच वेळ शब्द शोधून शेवटी म्हणाले, "आत्ता कुठे त्यांची बसायला लागली होती." आश्चर्य म्हणजे ती बाई त्या वाक्यावरच सगळ्यांत जास्त रडली.

त्यांची स्वतःची कवळीही त्यांनीच केलेली होती. तिला ते 'नमुना' म्हणत आणि कुणी शंका काढली तर काढून दाखवत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जावई मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खोलीत असे आणि ऋतू बदलल्यासारखा अधूनमधून घरी येई. तेव्हा लेक आणि नात दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. लेक रुग्णवाहिकांच्या कार्यालयात फोन घ्यायची. लोक धाय मोकलून ओरडत आणि ही थंड, सपाट आवाजात विचारी, "पत्ता सांगा. श्वास चालू आहे का?" हा आवाज तिने घरीही आणला होता. दूध उतू गेलं तरी ती आधी पत्ता विचारील अशी कवळीवाल्यांना धास्ती असे. ती अजून कायम झालेली नव्हती. साहेबांनी बजावलं होतं की रजा पडल्या, खाडे झाले, तर कायम होण्याचं विसरा.

नातीला यथावकाश दात आले. खालचे दोन आले तेव्हा ती खाटेचा कठडा, चपलेचा पट्टा, आजोबांचा कान, सगळं कुरतडू लागली म्हणून आजोबांनी तिचं नाव 'खारू' ठेवलं. मग वरचे आले, आणि त्यांत डावीकडचा एक जरासा तिरका आला, दाराच्या फटीतून डोकावणाऱ्या शेजारणीसारखा. कवळीवाल्यांना त्या दाताचं कोण कौतुक. आयुष्यभर सरळ दात रोवून कंटाळलेला माणूस तो. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला खारूचं तोंड उघडून तो दात बघावा लागे. बघितला नाही तर काम आठवडाभर लांबे.

आणि त्याच सुमाराला त्या दोघांचा खेळ सुरू झाला. लेक कामावर किंवा स्वयंपाकात, संध्याकाळचं दुकान बंद झालेलं, आजोबा गालिच्यावर बसलेले. आजोबा स्वतःची कवळी वाजवत, कट, कट, कट, आणि बोट पुढे करत. खारू टक लावून बघे, तोंडाचा आ करी आणि बोटाचा चावा घेई. आजोबा "मेलो, मेलो" म्हणून कण्हत कण्हत आडवे होत, एक पाय झाडत आणि डोळे पांढरे करत. खारू हसून हसून बसल्या जागी कलंडे. मग उठून दुसरं बोट शोधी. आजोबा रोज संध्याकाळी दहाही बोटांनी मरत. एवढा प्रेक्षक त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. बायको असतानाही त्यांच्या विनोदाला फक्त "हं" मिळत असे.

दुकानात मात्र पोरीला ठेवणं अवघड होत चाललं. तापलेलं मेण, दिव्याची ज्योत, कानशी, कोरण्या. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांची तयार कवळी सापडेना. ते गृहस्थ बिनदातांचे खुर्चीत ताटकळत बसलेले, आणि खारू मधल्या दारातून मोठ्या माणसासारखं रुंद, देखणं हास्य करत आली. त्याच संध्याकाळी लेकीने सांगून टाकलं की उद्यापासून हिला पाळणाघरात घालायचं.

पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. खाली रंगीत चटया, भिंतीला बुटकी कपाटं, मधे कमरेएवढं अर्धं दार आणि चालवणाऱ्या बाई चांगल्या धिप्पाड, खर्जातल्या आवाजाच्या. पहिले काही दिवस सगळं आलबेल होतं. मग खारूने कापसाला चावा घेतला.

कापूस म्हणजे तिच्याच वयाचा एक गोरागोमटा, गुबगुबीत, अतिशय सज्जन मुलगा. त्याला कुणीही काहीही करावं आणि त्याने थोडा विचार करून मग रडावं, असा स्वभाव. खारूने त्याचा दंड धरला. त्याने विचार केला आणि रडला. दोन दिवसांनी खांदा. नंतर पुन्हा दंड. मधे एकदा चवीत बदल म्हणून दुसऱ्या एका मुलीचं बोट, पण ते तिला विशेष आवडलं नसावं, कारण ती पुन्हा कापसाकडे वळली.

बाईंनी संध्याकाळी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. लेकीने माफी मागितली, कापसाच्या आईचीही मागितली आणि घरी येऊन जेवली नाही. कवळीवाल्यांना हे सगळं फारच वाढवून सांगितल्यासारखं वाटलं. दात आहेत तर माणूस चावणार. नसते तर गोष्ट वेगळी.

तरी लेकीचा चेहरा बघून त्यांनी सल्ला घ्यायचं ठरवलं आणि तो शेजारच्या न्हाव्याकडे घेतला. न्हाव्याला वस्तऱ्याखाली आलेल्या माणसाला सल्ला देण्याची सवयच असते, कारण तो माणूस उठून जाऊ शकत नाही.

"कवळीवाले, एक सांगू?" न्हावी म्हणाला. "तिला एकदा उलटा चावा. जोरात. पुन्हा नाव काढणार नाही. माझ्या भावाचा पोरगा असाच सुधारला."

"तो हल्ली काय करतो?"

"पोलिसांनी उचललं होतं मागे. पण चावत नाही."

कवळीवाले घरी गेले. खारू आली, त्यांचं मनगट धरलं आणि चावली. मनावर दगड ठेवून त्यांनी तिचा इवलासा हात तोंडाशी नेला आणि डोळे मिटून जबडा आवळला. पण नमुना दुकानातल्या पेल्यात राहिला होता. मऊ हिरड्यांनी खारूला अशा गुदगुल्या झाल्या की तिने लगेच दुसरा हात पुढे केला. शिक्षा म्हणून सुरू झालेला हा कार्यक्रम मग दिवे लागेपर्यंत चालला. न्हाव्याला त्यांनी सांगितलं की उपाय केला, गुण यायला वेळ लागेल.

गुण आला तो भलताच. एका शुक्रवारी कापूस घरी गेला तो दंडावर नवा ठसा घेऊन. या वेळी चावताना कुणी पाहिलं नव्हतं. मुलं वाळूत खेळत होती, बाई एकाचं नाक पुसत होत्या, आणि कापूस रडला तेव्हा त्याच्या आजूबाजूला चौघंजणं होती. पण नाव एकीचंच झालं. कापसाच्या आईने बाईंना स्पष्ट सांगितलं की आता एक तर ती मुलगी राहील, नाही तर माझा मुलगा. बाईंनी शनिवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. लेकीला त्यांनी आधीच कल्पना दिली की बहुतेक दुसरी सोय बघावी लागेल. आणि दुसरी सोय नव्हती. गावात दुसरं पाळणाघर होतं ते बसने तासाभरावर. खारू तिथे जायची तर लेकीची पाळी चुकणार, आणि पाळी चुकली की नोकरी गेली.

"बघू काय होतं ते," लेक त्याच फोनवरच्या आवाजात म्हणाली, आणि खाली बघून खारूच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली. जोड्या जमत नव्हत्या. तीच तीच जोडी ती पुन्हा सोडत होती.

ते बघून कवळीवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. कुणी पाहिलं नाही आणि नाव मात्र आमच्या पोरीचं? हा सरळसरळ अन्याय होता, आणि चाव्याच्या बाबतीतला अन्याय कवळीवाल्यांच्या घरात होतो म्हणजे काय? वकिलाच्या घरावर खोटा दावा करण्यासारखंच ते. ते तरातरा दुकानात उतरले. मेणाची वडी कोमट पाण्यात मऊ केली, खारूला मांडीवर घेतलं आणि खेळवत खेळवत तिच्याकडून त्यात दात रुतवून घेतले, वरचे आणि खालचे. ठशात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर कानशीने कडा साफ केल्या. अक्रोडाएवढा जबडा तयार झाला. चाळीस वर्षांच्या धंद्यात एवढं लहान आणि एवढं रेखीव काम त्यांनी केलं नव्हतं. रुमालात गुंडाळून ते खिशात ठेवताना त्यांची छाती इंचभर फुगली होती. लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही. तिला एकदम सुखद धक्का द्यायचा होता.

शनिवारी पाळणाघरात मोठ्यांना बसायला लहान मुलांच्याच खुर्च्या होत्या. त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आले होते आणि त्या अवस्थेत रागावणं अवघड जात होतं. तरी कापसाची आई बऱ्यापैकी रागावली. ती विम्याच्या कचेरीत होती आणि नुकसानीबद्दल मुद्देसूद बोलायची तिला सवय होती. कापूस तिच्या मांडीवर बसून बिस्किट खात होता. खारू अर्ध्या दारापलीकडे ठोकळ्यांत होती. लेक मान खाली घालून ऐकत होती.

कवळीवाले उठले. म्हणजे खुर्चीसकट उठले, आणि मग खुर्ची सोडवून उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही कुणी पाहिलंत का? नाही. मग आपण दातांनाच विचारू." आणि त्यांनी रुमाल सोडला.

तो इवलासा जबडा बघायला सगळे पुढे वाकले. कवळीवाल्यांनी कापसाला आधी तो हातात धरू दिला, मग त्याची बाही अलगद वर केली. दंडावर निळसर चंद्रकोर होती. त्यांनी चष्मा पुसला, जबडा खुणेवर टेकवला, किंचित फिरवला.

जबडा बसला. असा बसला की अनेक गिऱ्हाइकांच्या तोंडात त्यांच्या कवळ्या कधी तशा बसल्या नव्हत्या. एकेक दात आपापल्या खुणेत गेला. आणि वर डावीकडे, बाकीच्यांच्या ओळीतून जराशी सुटून, एक तिरकी खूण होती.

कवळीवाले तसेच वाकून राहिले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. तिथे त्यांच्याशिवाय कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. जरा हात हलवून "बघा, जुळत नाही" म्हटलं असतं तर बाईसुद्धा कदाचित सुटकेचा निःश्वास टाकत्या. पण बसलेल्या कामाला बसलं नाही म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना.

"आमचीच आहे," ते म्हणाले. आणि मग सवयीने, "ठसा मात्र स्वच्छ आलाय."

"म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत," कापसाची आई म्हणाली. तिचा राग गोंधळात पडला होता.

"हो," कवळीवाले म्हणाले. "काम नीट केलं की असं होतं."

लेकीने कपाळावर हात ठेवला. बाईंना हसू येत होतं, पण ते त्यांनी खोकल्यात घातलं आणि विचारलं की आजोबा, एवढ्याशा पोरीला मेणात दात रुतवायला लावलंत तरी कसं? माझ्याकडे ती चमचासुद्धा धड तोंडात धरत नाही.

हरलेल्या माणसाला कौतुकाचा एक शब्द पुरतो. कवळीवाल्यांचा चेहरा उजळला. "सोपं आहे," ते म्हणाले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी नमुना वाजवला. कट, कट, कट.

अर्ध्या दारापलीकडे ठोकळे कोसळल्याचा आवाज आला. खारू दार ढकलून, हात पसरून, तोंडाचा आ करून धावत आली आणि आजोबांच्या पुढे केलेल्या बोटाला कडाडून चावली. आणि आजोबा, इतक्या महिन्यांच्या सवयीने, "मेलो, मेलो" म्हणत त्या बुटक्या खुर्चीवरून चटईवर कलंडले आणि त्यांनी एक पाय झाडला.

खारूने टाळ्या वाजवल्या. मग तिने आजूबाजूला पाहिलं, तिला तिचा मित्र दिसला, आणि ती हसत, आ करून, प्रेमाने भरल्या डोळ्यांनी कापसाकडे निघाली. बाईंनी तिला मधल्या मधे उचललं.

चटईवर आडव्या पडलेल्या कवळीवाल्यांना तेव्हा कळलं. पोरीला कापसाचा राग नव्हता. तो तिला सगळ्यांत जास्त आवडत होता. ती त्याला रोज खेळायला बोलवत होती आणि तो बिचारा पाय झाडून मरायचं सोडून रडत बसत होता. तरी ती आशेने पुन्हा पुन्हा बघत होती.

"बाबा," लेक म्हणाली, "हे कधीपासून चालू आहे?"

"दात आल्यापासून."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ती पत्ता विचारल्यासारखी शांत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाई भल्या होत्या. त्यांनी कबूल केलं की पहिल्या वेळी आपणही एवढ्या जोरात किंचाळलो, की पोरीला वाटलं असेल इथे सगळ्यांनाच हा खेळ येतो. मग त्यांनी कापसाच्या आईकडे महिनाभराची मुदत मागितली. ती आढेवेढे घेत कबूल झाली, पण एका अटीवर, की तिच्या मुलाजवळ कुणीतरी सतत बसलं पाहिजे. बाईंकडे तेवढी माणसं नव्हती. सगळ्यांनी चटईकडे पाहिलं.

तेव्हापासून रोज सकाळी कवळीवाले दुकान बंद ठेवून पाळणाघरात जाऊ लागले. सवय मोडायचं काम आधी घरी सुरू झालं आणि तेच जास्त कठीण होतं. सोमवारी संध्याकाळी खारूने सवयीने बोट धरलं आणि चावली. आजोबांनी, बाईंनी शिकवल्याप्रमाणे, चेहरा कोरा ठेवला, बोट सोडवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "चावायचं नाही. दुखतं." मग तिला खाली ठेवून तोंड फिरवून बसले. खारूने वाट पाहिली. तिला वाटलं, आजोबा संवाद विसरले. तिने पुढे होऊन त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं, स्वतःच आडवी पडून पाय झाडून दाखवला, असं करायचं असतं म्हणून. आजोबा भिंतीकडे बघत राहिले. मग ती रडली. तशी ती पडल्यावरही रडत नसे. लेकीने तिला उचललं तेव्हा कवळीवाले खाली दुकानात गेले आणि कुणाची तरी बरी असलेली कवळी घासत बसले. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी तक्रार केली की ती सैल झाली आहे.

पाळणाघरात त्यांना गोष्टी हळूहळू कळत गेल्या, कारण दुसरं काही करायलाच नव्हतं. खारू झोपेच्या आधी चावते. मागून कुणी अचानक आलं तर चावते. हातातलं कुणी घेतलं आणि तिला बोलता आलं नाही, तर चावते. खेळाची चावणारी खारू आणि रागाची चावणारी खारू या दोन वेगळ्या, आणि आता खेळाची कमी होत चालली तशी रागाची दिसू लागली. चावल्यावर आधी ज्याला चावलं त्याच्याजवळ जायचं, त्याला कुरवाळायचं, असं बाई सांगत. कवळीवाल्यांचे पाय आधी नातीकडे धावत. बाई खर्जात "आजोबा" म्हणत आणि ते निमूटपणे वळत. कापसाला कुरवाळायची त्यांना मग सवय लागली. तसा मुलगा चांगला होता. त्याचे दातही एकसारखे होते, फक्त जरा कंटाळवाणे.

चावायला काहीतरी वेगळं द्या, असं बाई म्हणाल्या तेव्हा त्यांना स्फुरण चढलं. त्यांनी गुळगुळीत कड्या केल्या, फुलं केली, एक मासा केला. खारूने प्रत्येक वस्तू हुंगून फेकून दिली आणि बाईंच्या हात पुसायच्या ओल्या पंच्याचा कोपरा चघळायला घेतला. तो तिला इतका आवडला की बाईंनी तो कापून देऊन टाकला.

आणि शब्द. "दे" म्हण, "माझं" म्हण, "सरक" म्हण, हे आजोबा दिवसभर तिच्या कानाशी जपासारखं म्हणत. शब्द काही येत नव्हते. महिना संपत आला. शेवटच्या आठवड्यात वाळूजवळ खारूने लाल बादली भरली होती आणि कापसाने, थोडा विचार करून, ती उचलली. कवळीवाले पलीकडे बसले होते. आयुष्यभर त्यांनी जबडे पाहिले होते. नातीची हनुवटी पुढे आलेली त्यांना दिसली आणि ते उठेपर्यंत तोंडाचा आ झालाही होता. दंड आणि दात यांच्यामधे त्यांनी आपला तळहात घातला. चावा जीवघेणा होता. या वेळी ते कलंडले नाहीत, हललेही नाहीत. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

खारूने तोंड उघडलं. तिने त्या हाताकडे पाहिलं, आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे पाणी होतं आणि गंमत नव्हती. मग कापसाकडे वळून, सगळ्या अंगाचा जोर लावून म्हणाली, "सलक."

कापूस सरकला. तो तसा आज्ञाधारकच होता. बादली मात्र घेऊन सरकला, पण बाईंनी दुसरी बादली आणून दिली.

नंतर पंधरा दिवस ती सगळ्यांना "सलक" म्हणत होती. आईला, खुर्चीला, न्हाव्याला, बोटीवरून फोनवर बोलणाऱ्या बापाला. एक दंतवैद्य दुकानात ठसे द्यायला आले त्यांनाही म्हणाली, आणि ते सरकले. अधूनमधून ती ढकलायचीही. बाई म्हणाल्या, ढकलणं पुढच्या महिन्यात बघू.

महिना संपला तेव्हा कापसाच्या आईने काही बोलून दाखवलं नाही. फक्त सकाळी मुलाला सोडताना ती दारात रेंगाळायची, ते तिने बंद केलं. लेक त्या वर्षी कायम झाली. त्या दिवशी ती घरी आली, बापाच्या तळहातावरचा पुसट वण तिने अंगठ्याने चोळला आणि "फार दुखलं होतं का?" म्हणून विचारलं. कवळीवाले म्हणाले की आपल्या घरचे दात तसे मजबूतच असतात.

खारूने चावणं नेमकं कोणत्या दिवशी सोडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आता ती शाळेत जाते. तिला यातलं काही आठवत नाही. मेणाच्या वासाने मळमळतं म्हणून ती दुकानात येत नाही.